माझी बायको शेजारी पाणी मागते

माझी बायको उलुरियाक हिवाळ्याच्या तोंडाशी वारली. हिवाळाभर दडलेला सूर्य परत डोकं वर काढू लागला त्या सुमारास, एका पहाटे, ती माझ्या स्वप्नात आली. आली म्हणजे माझ्याकडे आली नाही. आमच्या दारावरून सरळ पुढे निघाली. मी खिडकीत उभा होतो. हात केला. तिने बघितलंसुद्धा नाही. शेजारी अपिया राहते, तिच्या घराच्या पायरीवर तिने बूट आपटून बर्फ झाडला, आत शिरली आणि म्हणाली, "पाणी द्या गं कुणीतरी."

मी जागा झालो तो रागानेच. मेलेलं माणूस स्वप्नात एखाद्या घरी जाऊन पाणी मागतं याचा अर्थ आमच्यात कुणीही सांगेल. त्याला त्या घरात राहायला यायचं असतं. तिथे जे मूल जन्मणार असेल त्याला त्याचं नाव द्यायचं, म्हणजे ते माणूस परत आलं. अपियाची मुलगी लीतिया पोटुशी होती, तेव्हा विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पण इतक्या वर्षांचा संसार, आणि परत यायची वेळ आली तर बाई शेजारी जाते! मी अंथरुणात बसून मोठ्याने म्हणालो, "का? आपल्या घरात पाणी नव्हतं?"

मग आठवलं की खरंच नव्हतं. टाकी कधीची कोरडी पडली होती. पाण्याची गाडी बोलवायला फोन करावा लागतो, आणि आमच्या घरात फोन करण्याचं काम तिचं होतं. मी दारातला बर्फ वितळवून चहा करत होतो आणि विचारणाऱ्यांना सांगत होतो की जुन्या पद्धतीचा चहाच मला आवडतो.

मी भित्रा माणूस नाही. अस्वलं मारली आहेत. एकदा समुद्रावरचा बर्फ तुटून मी त्याच्यासकट वाहत गेलो होतो, तेव्हाही डोकं शांत ठेवून परत आलो. पण फोन वाजला की मी उठून संडासात जाऊन बसायचो. बाहेरून उलुरियाक ओरडायची, "ये बाहेर, म्हाताऱ्या, तो फोन चावत नाही!" मला इंग्रजी येत नाही, आणि पलीकडून आधी इंग्रजीच येतं. तिला दोन्ही भाषा यायच्या. गावच्या दवाखान्यात ती दुभाषी होती. नर्सा दक्षिणेकडून येतात, महिना दोन महिने राहतात आणि जातात. गावाचं दुखणं-खुपणं त्यांच्यापर्यंत जायचं ते हिच्या तोंडून. सरकारी फोनवर आमच्या भाषेत बोलणारं माणूस मिळालं पाहिजे म्हणून ती मोठ्या मोठ्या बैठकांत भांडली होती. लाइन मिळाल्यावर गावच्या रेडिओवरून दर आठवड्याला सांगायची, "आपल्या भाषेत मागा. लाजू नका. कुणी मागितलंच नाही तर ते म्हणतील, यांना नकोच आहे." सगळा गाव ऐकायचा. मीही ऐकायचो, आणि मान डोलावून म्हणायचो, बरोबर बोलते. त्या लाइनला मी एकदाही फोन केलेला नव्हता. दुभाषी घरातच असताना कशाला करायचा?

तिच्या आजारपणात आम्हाला दक्षिणेच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. सोबत म्हणून मी गेलो होतो. शेवटच्या दिवशी डॉक्टर बराच वेळ बोलले. त्यांचा चेहरा लांबट होता, मला वाटलं स्वभावच तसा असेल. बोलणं संपल्यावर मी उलुरियाकला विचारलं, "काय म्हणतात?"

ती म्हणाली, "म्हणतात, आता घरी जायला हरकत नाही."

मी इतका खुश झालो की उठून डॉक्टरांचा हात धरून जोरजोराने हलवला आणि मला येत असलेला इंग्रजीतला एकुलता एक शब्द त्यांना दिला. थँक्यू, थँक्यू. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. उलुरियाक म्हणाली, "पुरे आता, हात तुटेल त्यांचा." तिने एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. फक्त सगळे सांगितले नव्हते. परतीच्या विमानात मी वसंतात तळ्यावर कुठे तंबू टाकायचा ते तिला सांगत होतो, आणि ती म्हणत होती, "हो, तिथे बरं पडेल."

तर त्या पहाटे मला लीतियाला निरोप द्यायचा होता, आणि लवकर द्यायचा होता. आमच्या गावात बाळंतपणं होत नाहीत. दिवस भरत आले की पोरींना विमानाने इकालुइतच्या हॉस्पिटलात नेतात. लीतिया तिकडे होती, तिची आई अपिया तिच्याबरोबर होती. त्यांच्या घरचा एकच फोन, तो अपियाच्या नवऱ्याच्या, पाउलुसीच्या, खिशात, आणि पाउलुसी माझ्या मुलाबरोबर, जायपितीबरोबर, लांबच्या तळ्यावर मासे धरायला गेलेला. मूल कोणत्याही क्षणी होईल असं होतं. ते जन्मलं की लगेच नाव देतात, आणि पहिलं मिळतं तेच नाव त्याच्या अंगात मुरतं. मागाहून आणखी नावं जोडता येतात, नाही असं नाही. पण ती मागच्या बाकावर बसतात. माझी बायको मागच्या बाकावर बसणारी नव्हती.

गावात इंग्रजी बोलणारी पोरं पुष्कळ आहेत. कुणालाही सांगितलं असतं तर फोन लावून दिला असता. पण कसं सांगणार? माझी बायको मला ओलांडून शेजारी गेली, जरा तिची सोय बघ? दुकानात सांगितलं असतं तर दुपारपर्यंत रेडिओवर आलं असतं. शिवाय वाटलं, तिने भांडून आणलेली लाइन आहे, तिच्याच कामासाठी नाही वापरायची तर कशासाठी? मी दोन कप चहा प्यालो, टोपी घातली, का घातली कोण जाणे, आणि फोन लावला.

आधी इंग्रजी आलं. मग फ्रेंच. मग आमची भाषा आली तोवर मी घाबरून ठेवून दिला होता. पुन्हा लावला. आकडा दाबला. संगीत लागलं. ते इतकं लांबलं की मला डुलकी लागायला आली.

"नमस्कार, मी उक्पिक बोलतेय. काय मदत करू?"

तरुण पोरीचा आवाज होता. बोलण्याची ढब पश्चिम किनाऱ्याकडची, पण आमचीच भाषा. मी ओरडलो, "मी किलाबुक!"

"आजोबा, हळू बोला, ऐकू येतंय मला. काय झालं?"

"इकालुइतला गरोदर बायका उतरतात ना, तिथे लीतिया आहे. तिला निरोप द्यायचाय. माझी बायको तिच्या घरी पाणी मागतेय."

"तुमची बायको. बरं. कुठे आहे ती?"

"शेजारी. लीतियाच्या घरी. म्हणजे लीतियाच्या आईच्या."

"मग तिथे कुणी देत नाही का पाणी?"

"घरात कुणी नाही ना! म्हणून तर फोन केला."

"एकटीच आहे? आजारी आहे का?"

"होती. खूप होती. आता तसं काही नाही."

"कधीपासून मागतेय?"

"पहाटेपासून."

"आजोबा, तुम्ही का नाही तिला घरी आणत?"

हा प्रश्न माझ्या वर्मी लागला. मी म्हणालो, "माझ्याकडे बघतसुद्धा नाही ती. सरळ पुढे गेली."

"भांडण झालंय का तुमचं?"

"आमचं? आमचं कशाला भांडण होईल! तू लीतियाला एवढंच सांग, उलुरियाक आली होती, पाणी मागत होती. तिला कळेल."

"हो हो, सांगते. तुम्ही घरीच थांबा, आजोबा. कुठे जाऊ नका."

मी फोन ठेवला तेव्हा घामाघूम झालो होतो, पण छाती फुगली होती. केवढं सोपं काम, आणि मी आयुष्यभर संडासात लपलो! आपल्याच भाषेत मागितलं आणि सरकारने दिलं. मी उलुरियाकच्या खुर्चीकडे बघून म्हणालो, "बघ." मग सीलचं गोठलेलं मांस काढलं आणि कापत बसलो.

थोड्या वेळाने बाहेर गाडी थांबली. खिडकीतून बघतो तर पोलीस आणि नर्सबाई अपियाच्या दारावर धडका मारताहेत. नर्सबाईच्या हातात औषधांची पेटी, पोलिसाच्या खांद्यावर घोंगडी. दोघेही नवे, नुकतेच गावात आलेले. दाराला कुलूप नव्हतंच, ते आत शिरले. आतून ओरडण्याचा आवाज आला. मला वाटलं, चोर शिरला की काय. मी टोपी घालून गेलो. पोलीस पलंगाखाली वाकून बघत होता. नर्सबाईने कपाट उघडलं होतं.

मी विचारलं, "काय शोधता?" त्यांनी काहीतरी विचारलं. मी थँक्यू म्हणालो. मग पोलिसाने फोन काढला, कुणालातरी लावला, आणि तो माझ्या तोंडासमोर धरला.

"आजोबा, मी उक्पिक. हे लोक विचारताहेत, तुमची बायको कुठे आहे?"

"हे का विचारताहेत?"

"मीच पाठवलं ना त्यांना! रिकाम्या घरात म्हातारी बाई, आजारातून उठलेली, पहाटेपासून पाणी मागतेय. मग मी काय करायला हवं होतं? दवाखान्यात आपली भाषा बोलणारं कुणी नाही म्हणतात. दुभाषीची जागा रिकामी आहे, हिवाळ्यापासून."

ती जागा कुणी रिकामी केली ते मला माहीत होतं.

"आजोबा? पोलीस म्हणतोय, ती बाहेर थंडीत गेली असेल तर शोधायला माणसं काढावी लागतील. वेळ घालवू नका. कुठे आहे ती?"

पोलीस माझ्याकडे बघत होता. चांगला मुलगा दिसत होता, नाक थंडीने लाल झालेलं. माझ्या बायकोला शोधायला तो खरंच टेकड्या पालथ्या घालायला निघाला असता. आणि शोधली असती तर तिथेच सापडली असती.

मी म्हणालो, "ती इथे नाही."

"मग कुठे?"

"घरी नसते ती. हल्ली."

"म्हणजे काय, आजोबा? मला कळत नाहीये. मी त्यांना काय सांगू?"

तेव्हा मला कळलं की मी हा शब्द अजून कुणालाच सांगितलेला नाही. गावात सांगायची वेळच आली नव्हती. सगळ्यांना माझ्याआधी माहीत होतं. जायपितीनेच पाद्र्याला बोलावलं, त्यानेच तिच्यावर दगड रचले. दुकानात लोक माझ्याकडे बघून आवाज हळू करायचे, तेवढ्यावर भागत होतं. आणि तिच्याबद्दल कुणाला काही सांगायचं असलं तर ते तीच सांगायची. आता तिकडे लीतियाला कळा सुरू झाल्या असतील, आणि इकडे मी एका शब्दावर अडून बसलो होतो. नाव दुसऱ्या कुणाचं लागलं असतं तर बाई परत पायरीवर उभी राहिली असती, माझ्यामुळे.

"ती मेली," मी म्हणालो. "माझी बायको मेली आहे. हिवाळा लागला तेव्हा. टेकडीवर दगडांखाली आहे. तिथे शोधू नका तिला. ती स्वप्नात आली होती, लीतियाच्या घरी शिरली आणि पाणी मागितलं."

मग उक्पिकने नाक ओढलं.

"अहो, मग असं आधी सांगायचं ना!" ती म्हणाली. "माझं नाव माझ्या आजीच्या भावाचं आहे. मरेपर्यंत ती मला दादा म्हणायची. मला काय एवढंही कळलं नसतं? आणि तुम्ही सांगता काय, तर भांडण नाही, पण बघत नाही!"

"खरंच बघितलं नाही तिने."

"थांबा. फोन ठेवायचा नाही. आधी यांना सांगते, मग लीतियाला शोधते."

ती इंग्रजीत बोलली. पोलिसाने ऐकलं आणि केसाळ टोपी काढून हातात घेतली. नर्सबाईने कपाट हळूच लावून घेतलं. मग आम्ही तिघे माझ्या घरी आलो, फोन टेबलावर ठेवला, आणि भोवती बसलो. फोनमधून संगीत वाजत होतं. नर्सबाई चहा करायला उठली. नळ सोडला, नळ कोरडा. ती माझ्याकडे बघायला लागली. मी दारातल्या बर्फाच्या पातेल्याकडे बोट दाखवलं. पोलिसाने दुसरा फोन काढला आणि पाण्याची गाडी मागवली. त्याला किती सोपं गेलं ते बघून मला त्याचा जरा रागच आला.

मग संगीत थांबलं आणि अपियाचा आवाज खोलीभर झाला. "किलाबुक? तू? फोनवर? कोण मेलं?"

"कुणी नाही! म्हणजे, नवीन कुणी नाही. लीतिया कुठे आहे?"

"आत आहे. सकाळपासून चाललंय. डोकं दिसतंय म्हणतात. बोल लवकर, मला आत जायचंय."

"उलुरियाक आली होती. स्वप्नात. तुझ्या घरी शिरली आणि पाणी मागितलं."

अपिया म्हणाली, "माझ्याकडे?"

"तुझ्याकडे."

"तुझ्याकडे नाही?"

"नाही म्हटलं ना!"

"बरोबरच आहे. तुझ्या हातचा चहा प्यायला कोण येईल?" ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. उलुरियाक तिची लहानपणची मैत्रीण. "मग दिलंस का पाणी?"

"मी जागा झालो."

"जागा झालास? तिला तशीच उभी ठेवून?"

"मी खिडकीत होतो, अपिया! घर तुझं होतं!"

"बरं, बरं. जावयाच्या काकाचं नाव ठरलंय इथे. तो पक्का आहे त्यावर."

मी टेबलावर वाकलो. "मग?"

"मग काय? काकाने पाणी मागितलंय का? नाही ना? काका मागाहून जोडू. ठेव फोन, चालले मी आत. आणि ऐक, दाढी कर. बाई परत येणार आणि तू ध्यान होऊन बसलेला."

फोन बंद झाला. पोलीस आणि नर्सबाई माझ्याकडे आशेने बघत होते. त्यांना काय सांगावं कळेना. मी त्यांना सीलचं मांस दिलं. पोलिसाने खाल्लं. नर्सबाईने बिस्किट घेतलं.

दुपारी, पाण्याची गाडी येऊन टाकी भरून गेल्यावर, फोन वाजला. मी संडासापर्यंत पोहोचलो होतो, तिथून परत आलो आणि उचलला.

"झाली तुझी बायको," अपिया म्हणाली. "मुलगा आहे. चांगला वजनदार. बाहेर आल्याआल्या सगळ्यांवर ओरडला."

नावाला आमच्यात बाई-पुरुष नसतं, तेव्हा त्यात आश्चर्य नव्हतं. तरी मी जरा धास्तावलो. बाई होती तेव्हा ती माझ्या डोक्यावर बसली होती. आता पुरुष होऊन येणार म्हणजे माझी शिकारीतली जागाही घेणार.

लीतिया बाळाला घेऊन परतली त्या दिवशी विमानतळावरच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. विमान यायचं असलं की गावाला तेवढंच निमित्त लागतं. पोलिसाने कुणाला सांगितलं, कुणाला कसं कळलं कोण जाणे, पण सगळ्यांना माहीत होतं. मी दाढी केली होती, त्यात दोनदा कापून घेतलं होतं. त्यावरून लोकांना आयतंच सापडलं.

"किलाबुक, नवरदेव झालायस!"

"अरे त्याला आत येऊ द्या, बायको येतेय त्याची!"

"पोलिसांना आणलंयस का बरोबर? परत हरवली तर?"

दार उघडलं. थंडीबरोबर अपिया आत आली, मागे लीतिया, तिच्या कोटाच्या पाठीवरच्या झोळीत बाळ. जायपिती माझ्याआधी पुढे झाला. तो आता चाळिशीला आलाय, दारातून वाकून शिरावं लागतं असा आडदांड. त्याने झोळीत डोकं घातलं आणि म्हणाला, "आई, विमानात त्रास नाही ना झाला?"

मग त्याला तिथून डोकं बाहेर काढता येईना. लोक थट्टा करायचे थांबले. कुणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

लीतियाने बाळ काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "आजोबा, धरा तुमच्या बायकोला. मला सामान बघायचंय."

आमच्या वयाच्या माणसांत हे बसत नाही. शिकारीवरून महिन्याने परतलो तरी आम्ही दारात उभे राहून एकमेकांना एवढंच विचारायचो, चहा ठेवू का, ठेव. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत मी तिचा हातसुद्धा कधी धरला नव्हता. विमानतळावर तिला निरोप द्यायचो तोही विमानाकडे बघून. आणि आता अख्खा गाव बघत असताना ती माझ्या दोन्ही हातांत होती, लालबुंद, डोळे मिटलेली, आणि मला तिला कुठेही खाली ठेवता येत नव्हतं.

"बोल की तिच्याशी," अपिया म्हणाली. "फोनवर तर फार बोलत होतास."

मी खूप विचार केला. सांगण्यासारखं पुष्कळ साठलं होतं.

"आलीस?" मी म्हणालो.